पिक्सेल दीपमाळांची मांडणी आणि त्यांतील दोषांचे निदान

भाद्रपदातील गणेशोत्सव आणि आश्विनातील नवरात्र या दोन्ही उत्सवांत मंडपाची प्रवेश-कमान हा नागपूर भागातील सार्वजनिक मंडळांच्या हौसेचा आणि पुष्कळदा परस्परांतील चढाओढीचाही विषय असतो. पूर्वी या कमानीवर रंगीत दिव्यांच्या माळा सोडीत. पुढे फिरत्या दंडगोलावर धातूच्या पट्ट्या बसवून त्या माळा आळीपाळीने पेटविण्याची व विझविण्याची युक्ती रूढ झाली. अलीकडे ही जागा ज्या दिव्यांनी घेतली आहे, त्यांना व्यवहारात ‘पिक्सेल’ असे म्हणतात. या माळेतील प्रत्येक मणी स्वतंत्रपणे कोणताही रंग धारण करू शकतो, आणि म्हणूनच कमानीवर फिरणारे चक्र, उमलणारे कमळ किंवा सरकणारी अक्षरे दाखविणे शक्य होते.

विद्यापीठाच्या परिसरावरून अमरावती मार्गाने पश्चिमेस निघाले असता लागणारे वाडी हे पूर्वीचे खेडे आज नगर परिषदेचे शहर झाले आहे. अंबाझरी येथील आयुधनिर्माणी, हिंगण्याची औद्योगिक वसाहत आणि मालवाहतुकीची गोदामे यांच्या सान्निध्यामुळे यंत्रकाम व वीजकाम यांची ओळख असलेला तरुणवर्ग या वस्तीत असावा, यात नवल नाही. अशा वस्तीतील मंडळाचे कार्यकर्ते बिछायत केंद्राकडून तयार रोषणाई भाड्याने घेण्याऐवजी सुट्या माळा आणून कमान स्वतःच उभी करण्याचा विचार करतात, तेव्हा त्यांचा उत्साह स्वागतार्हच मानला पाहिजे. परंतु या कामात चूक झाली असता दोन प्रकारची हानी संभवते. पहिली वर्गणीच्या पैशाची होय. कारण उलट्या जोडणीने एका क्षणात संपूर्ण माळ निकामी होऊ शकते. दुसरी हानी याहून गंभीर असून ती जीविताची आहे. कारण ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या लोखंडी कमानीशी २३० व्होल्टच्या तारेचा संबंध आला, तर तिला टेकणारे पहिले माणूस बहुधा एखादे लहान मूलच असते. या दोन्ही हानी टाळता येण्याजोग्या आहेत आणि त्यासाठी लागणारे ज्ञान शालेय पदार्थविज्ञानाच्या पलीकडचे नाही. ते नवशिक्या अभ्यासूंपुढे क्रमवार मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मण्याची अंतर्रचना

पिक्सेलच्या प्रत्येक मण्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म प्रकाशदायी अर्धवाहक, म्हणजे एलईडी, असतात. तांबड्या रंगाचा व्यवहारोपयोगी एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये सिद्ध केला. निळ्या रंगासाठी मात्र आणखी तीन दशके थांबावे लागले. तो प्रश्न सोडविणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे पदार्थविज्ञानातील नोबेल पारितोषिक मिळाले. निळा रंग हाती आल्यामुळेच तीन मूलरंगांच्या मिश्रणातून पांढरा व इतर रंग निर्माण करणे शक्य झाले.

या तिघांच्या जोडीला मण्यात एक चिमुकली नियंत्रक चकती असते. डब्ल्यूएस २८११ ही चकती वेगळी बसविलेली असते व ती प्रामुख्याने गोळीच्या आकाराच्या मण्यांच्या माळांत आढळते. डब्ल्यूएस २८१२बी या प्रकारात चकती व दिवे एकाच ५ मिलिमीटर चौरस कोषात बंदिस्त असून तो लवचिक पट्ट्यांवर वापरतात. प्रत्येक रंगाच्या तेजस्वितेच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. त्यामुळे एका मण्यापासून २५६ चा घन, म्हणजे १,६७,७७,२१६ रंगछटा तत्त्वतः मिळू शकतात. तेजस्विता कमी करणे म्हणजे दिव्यातील प्रवाह कमी करणे नव्हे. चकती तो प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा तोडते व जोडते, आणि दिवा किती काळ पेटलेला राहिला यावरून डोळ्यास तेजाचा कमीअधिक भास होतो.

२. संदेश पुढे कसा जातो

माळेतून केवळ तीन तारा जातात : एक धन, एक ऋण आणि एक संदेशाची, जिला कारागीर ‘डाटा’ची तार म्हणतात. शेकडो मण्यांना एकाच तारेने वेगवेगळ्या आज्ञा कशा मिळतात, हा प्रश्न नवशिक्यास हटकून पडतो. त्याचे उत्तर पंगतीच्या दृष्टान्ताने सहज ध्यानात येईल. पंगतीच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या हाती पत्रावळींचा गठ्ठा दिला असता तो वरची एक पत्रावळ स्वतःपुढे मांडतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवितो. शेजारीही तसेच करतो. पिक्सेलच्या माळेतही पहिला मणी संदेशातील पहिले २४ अंक स्वतःकडे ठेवून घेतो, प्रत्येक रंगास ८ याप्रमाणे त्यांची वाटणी करतो आणि उरलेला संदेश नव्याने रेखीव करून पुढील मण्याकडे पाठवितो.

या रीतीतून पुढील विवेचनास उपयोगी असे चार निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मण्याला स्वतःचा असा क्रमांक नसतो; त्याचे रांगेतील स्थान हाच त्याचा क्रमांक होय. दुसरा असा की, संदेशाला दिशा आहे. तो मण्याच्या प्रवेशाकडून निर्गमाकडेच जातो, उलट जात नाही. तिसरा असा की, एक मणी बिघडला तर त्याच्या पुढील सर्व मणी संदेशास मुकतात. चौथा निष्कर्ष असा की, संदेश थांबला तरी मणी विझत नाही. शेवटी मिळालेला रंग तो वीज असेपर्यंत धरून ठेवतो. म्हणून दिवा पेटलेला आहे यावरून त्याला संदेश पोहोचत आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरते.

संदेशातील प्रत्येक अंकास सुमारे सव्वा मायक्रोसेकंद लागतो. ० आणि १ यांतील भेद केवळ दाब किती काळ उंच राहिला यावर अवलंबून असतो : ० साठी सुमारे ०.४ आणि १ साठी सुमारे ०.८ मायक्रोसेकंद. एका मण्याच्या २४ अंकांना ३० मायक्रोसेकंद, तर ६०० मण्यांना १८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ६०० मण्यांचे चित्र सेकंदाला सुमारे ५५ वेळा बदलता येते आणि डोळ्यास ते अखंड भासते. हीच माळ २,००० मण्यांची केल्यास बदलांची संख्या सुमारे १६ वर येते व चित्र अडखळत चालल्यासारखे दिसते. मोठ्या सजावटीत कंट्रोलरच्या अनेक निर्गमांवर माळा विभागून लावतात, त्याचे कारण हेच.

३. ५ व्होल्ट की १२ व्होल्ट ?

बाजारात दोन्ही दाबांच्या माळा मिळतात. ५ व्होल्टच्या मण्यात विजेचा अपव्यय कमी होतो. परंतु दाब मुळातच कमी असल्यामुळे तारेत होणारी घट लवकर जाणवते. १२ व्होल्टच्या पट्टीवर बहुधा तीन दिवे एका चकतीला एकसर जोडलेले असतात. त्यामुळे एकाच प्रवाहात तीन दिवे पेटतात, मात्र ते तिन्ही एकाच रंगाचे राहतात. १२ व्होल्टच्या सुट्या गोळीमाळेत प्रत्येक मणी स्वतंत्र असतो, पण जादा दाब रोधकात उष्णतेच्या रूपाने वाया जातो. लांब अंतरासाठी १२ व्होल्ट आणि आटोपशीर कमानीसाठी ५ व्होल्ट, असा स्थूल नियम मानावयास हरकत नाही. या दोहोंची सरमिसळ मात्र कधीही करू नये. ५ व्होल्टच्या माळेस १२ व्होल्ट दिल्यास ती तत्क्षणी जळते.

४. वीजपुरवठ्याचे गणित

एक उदाहरण घेऊ. वाडीतील एखाद्या मंडळाने कमानीसाठी ५ व्होल्टच्या, प्रत्येकी ५० मण्यांच्या १२ माळा, म्हणजे ६०० मणी घेतले आहेत. तिन्ही रंग पूर्ण तेजाने पेटले असता, म्हणजे पांढऱ्या प्रकाशात, एका मण्यास जास्तीत जास्त ६० मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो असे धरावे. मग संपूर्ण कमानीस ३६ ॲम्पिअर प्रवाह व १८० वॉट शक्ती लागेल. कमानीच्या दोन्ही खांबांच्या पायथ्याशी एकेक पुरवठायंत्र, ज्यास सर्वजण एसएमपीएस म्हणतात, ठेवल्यास प्रत्येकावर १८ ॲम्पिअरचा भार येतो. पुरवठायंत्रावर त्याच्या क्षमतेच्या चारपंचमांशाहून अधिक भार टाकू नये, हा संकेत लक्षात घेता ५ व्होल्ट, ३० ॲम्पिअरचे यंत्र येथे योग्य ठरते.

तथापि पुरवठायंत्र पुरेसे असले म्हणजे काम संपले असे नव्हे. खरा प्रश्न तारांचा आहे. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०११५ ओहम असतो. माळा कमानीच्या चौकटीत वळणे घेत बसविल्या असल्यामुळे कोणताही सांधा पुरवठायंत्रापासून ५ मीटरहून दूर नाही असे धरू. जाणे-येणे मिळून तारेची लांबी १० मीटर व रोध ०.११५ ओहम होईल. या तारेतून १०० मण्यांचा ६ ॲम्पिअर प्रवाह गेला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ०.६९ व्होल्ट दाब तारेतच खर्च होईल.

माळेच्या अंगच्या तारा तर याहून पुष्कळ बारीक असतात. त्यांचा छेद ०.३ चौरस मिलिमीटर व माळेची लांबी ५ मीटर धरल्यास जाण्या-येण्याचा रोध सुमारे ०.५८ ओहम भरतो. प्रवाह वाटेत मण्यामण्यास वाटला जात असल्याने सरासरीने निम्माच धरावयाचा. तरीही ३ ॲम्पिअरच्या भारास माळेच्या टोकापर्यंत ०.८६ व्होल्टची घट होते. दोन्ही घटी मिळून १.५५ व्होल्ट होतात आणि शेवटच्या मण्यापर्यंत अवघा ३.४५ व्होल्ट दाब पोहोचतो. निळ्या व हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट वा किंचित अधिक, तर तांबड्याला सुमारे २ व्होल्ट लागतात. चकतीसाठीही थोडा दाब शिल्लक राहिला पाहिजे. साहजिकच दाब घटला की प्रथम निळा मंदावतो, मागोमाग हिरवा, आणि पांढरी कमान टोकाकडे पिवळट व शेवटी तांबूस दिसू लागते. नवशिक्यांस हा दोष माळेचा वाटतो. वस्तुतः तो गणिताचा असतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे वीज केवळ एका टोकाने न देता जागोजाग देणे. दर दोन माळांच्या सांध्यावर स्वतंत्र तार आणल्यास प्रवाह दोन्ही बाजूंस ५०-५० मण्यांना जातो. वरील हिशेब हीच रचना गृहीत धरून केला आहे. एकाच टोकाने ३०० मणी जोडले असते तर घट कित्येक पटींनी वाढली असती. दुसरा उपाय जाड तारेचा : अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ०.६९ ऐवजी सुमारे ०.४१ व्होल्टच खर्च होतो. तिसरा आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तेजाची मर्यादा. तेज ४० टक्क्यांवर ठेवल्यास प्रवाह व त्याबरोबर दाबाची घटही त्याच प्रमाणात कमी होऊन १.५५ ऐवजी ०.६२ व्होल्टवर येते आणि टोकाच्या मण्यास जवळजवळ ४.४ व्होल्ट मिळतात. रोषणाई यामुळे फिकी पडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. डोळ्याची संवेदना प्रकाशाच्या सम प्रमाणात वाढत नसून मंद प्रकाशात ती अधिक तीव्र असते. ४० टक्के प्रकाश डोळ्यास पूर्ण प्रकाशाच्या सुमारे दोनतृतीयांश भासतो. रात्रीच्या काळोखात तेवढा पुरून उरतो.

५. जोडणीचा क्रम

कंट्रोलर दोन प्रकारचे प्रचलित आहेत. एका प्रकारात संगणकावर तयार केलेली चित्रमाला स्मृतिपत्रावर, म्हणजे एसडी कार्डवर, उतरवून ते कंट्रोलरमध्ये घालतात. व्यावसायिक रोषणाईवाले बहुधा हाच वापरतात. दुसऱ्या प्रकारात ईएसपी ३२ सारख्या अल्पमोली सूक्ष्मनियंत्रकावर डब्ल्यूएलईडी ही विनामूल्य व मुक्त संगणकाज्ञावली चढवितात आणि मोबाइलवरून रंग व चाली निवडतात. शिकणाऱ्यास दुसरा प्रकार अधिक सोयीचा. कारण त्यात मण्यांची संख्या, रंगांचा क्रम व प्रवाहाची कमाल मर्यादा या तिन्ही गोष्टी सहज नमूद करता येतात.

जोडणी करताना पुढील क्रम पाळावा.

प्रथम माळा कमानीवर न चढविता जमिनीवर पसराव्यात व प्रत्येक माळ स्वतंत्रपणे तपासावी. उंचावर चढविल्यानंतर सापडलेला दोष काढण्यास दहापट श्रम पडतात.

पुरवठायंत्राचा दाब माळ जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने मोजावा. काही यंत्रांवर ११५ व २३० व्होल्ट निवडण्याची कळ असते. ती २३० वर असल्याची खात्री यंत्राला वीज देण्यापूर्वीच करावी. निर्गमाचा दाब बारीक स्क्रूने किंचित वाढविता येतो; पण ५ व्होल्टच्या माळेसाठी तो ५.२ च्या पुढे नेऊ नये.

तारांच्या रंगांवर विसंबू नये. तांबडी धन, हिरवी संदेशाची असा प्रघात असला तरी सर्वच निर्माते तो पाळतात असे नाही. पट्टीवर ‘डीआय’ म्हणजे प्रवेश व ‘डीओ’ म्हणजे निर्गम अशी अक्षरे व दिशादर्शक बाण असतो. संदेश बाणाच्या शेपटाकडून द्यावा.

कंट्रोलरची ऋण तार, पुरवठायंत्राची ऋण तार आणि माळेची ऋण तार या तिन्ही एकत्र जोडाव्यात. दाब हा नेहमी दोन बिंदूंमधील असतो. संदेशाचा दाब कशाच्या तुलनेत मोजावयाचा हे मण्यास कळण्यासाठी हा सामाईक आधार अपरिहार्य आहे. ऋण तार सर्वांत आधी जोडावी व सर्वांत शेवटी सोडवावी.

दोन पुरवठायंत्रे असल्यास त्यांच्या धन तारा मात्र एकमेकींस जोडू नयेत. आपल्या उदाहरणात सहाव्या व सातव्या माळेच्या सांध्यावर धन तार तोडावी; ऋण व संदेशाची तार अखंड ठेवावी.

कंट्रोलर व पहिला मणी यांमधील अंतर शक्यतो एकदोन मीटरपेक्षा अधिक नसावे. संदेशाच्या तारेत पहिल्या मण्याजवळ २२० ते ४७० ओहमचा रोधक घालावा, आणि माळेला वीज जेथे प्रथम मिळते तेथे धन-ऋण तारांमध्ये १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याची ध्रुवता पाहून लावावा. रोधकामुळे संदेशाचे तारेतील परावर्तन शमते. कपॅसिटरमुळे वीज सुरू होतानाचा धक्का सौम्य होतो.

संदेशाच्या दाबासंबंधी एक सूक्ष्म बाब येथे नोंदविणे अगत्याचे आहे. ईएसपी ३२ चा संदेश ३.३ व्होल्टचा असतो. परंतु ५ व्होल्टवर चालणारा मणी पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्टपेक्षा कमी दाब ‘उंच’ म्हणून ओळखण्यास बांधलेला नाही. व्यवहारात ही जोडणी पुष्कळदा चालते, आणि म्हणूनच ती फसवी आहे. घरी चाललेली माळ मंडपात लांब तार लावताच लुकलुकू लागते. ७४ एएचसीटी १२५ सारखी दाबवर्धक चकती मध्ये घातली असता हा प्रश्न कायमचा मिटतो. तिची किंमत संपूर्ण सजावटीच्या मानाने नगण्य आहे.

६. दोषांचे निदान

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहावा. घाईने तीन तारा एकदम हलविल्यास दिवे लागतीलही, पण दोष कोठे होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवतो. लक्षणावरून कारणाकडे जाण्यास पुढील विवरण उपयोगी पडेल.

एकही मणी पेटत नाही. प्रथम माळेच्या पहिल्या मण्यापाशी दाब मोजावा. केवळ पुरवठायंत्रापाशी मोजणे पुरेसे नाही. दाब योग्य असल्यास माळ उलट्या टोकाने जोडली आहे काय, ऋण तार सामाईक आहे काय आणि संदेशाची तार कंट्रोलरच्या योग्य निर्गमावर आहे काय, हे याच क्रमाने पाहावे.

काही मण्यांपर्यंत माळ ठीक चालते आणि पुढे सर्व थांबते. समजा, १३७ वा मणी योग्य पेटतो व १३८ वा पेटत नाही. दोष १३७ व्या मण्याच्या निर्गमात, मधल्या सांध्यात किंवा १३८ व्या मण्याच्या प्रवेशात असला पाहिजे. अन्यत्र शोधण्याचे कारण नाही. प्रथम सांधा तपासावा. तो शाबूत असल्यास वीज बंद करून १३७ व्या मण्याच्या प्रवेशाची संदेश-तार त्याला वगळून १३८ व्याच्या प्रवेशास जोडावी. पुढील माळ पेटल्यास १३७ वा मणी सदोष. न पेटल्यास १३८ वा. सदोष मणी कापून नवा डाख देऊन बसवावा. तो केवळ वगळला, तर पंगतीतील एक माणूस उठल्याप्रमाणे पुढील सर्वांचे स्थान एकाने सरकते आणि चित्र तेवढे मोडते.

पहिल्या मण्यापासूनच रंग अनियमितपणे लुकलुकतात. संदेश अस्पष्ट पोहोचत असल्याचे हे लक्षण होय. ऋण तार सैल असणे, कंट्रोलर दूर असणे, दाबवर्धक नसणे किंवा संदेशाची तार २३० व्होल्टच्या तारेस लगटून नेलेली असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

तांबडा मागितला असता हिरवा पेटतो. येथे काहीच बिघडलेले नाही. डब्ल्यूएस २८१२बी प्रथम हिरवा, मग तांबडा, मग निळा या क्रमाने अंक घेतो. इतर माळांत क्रम वेगळा असू शकतो. कंट्रोलरमधील रंगक्रम बदलला की काम झाले.

टोकाकडे पांढरा रंग पिवळट वा तांबूस होतो. हा दाब घटल्याचा परिणाम असून त्याचे गणित वर दिलेच आहे. खात्रीसाठी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात टोकाच्या मण्यापाशी दाब मोजावा आणि तेज कमी केल्यावर पुन्हा मोजावा.

सर्व दिवे एकदम पांढरे होताच कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होतो. भार पुरवठ्याच्या आवाक्याबाहेर गेला आहे. प्रवाहाची मर्यादा कंट्रोलरमध्ये घालून द्यावी.

दिवसा ठीक चालणारी माळ पावसानंतर बिघडते. सांध्यात पाणी शिरले आहे. ओल्या सांध्यातून वीज चालू ठेवल्यास तांबे विद्युद्विश्लेषणाने झपाट्याने खाल्ले जाते व त्यावर हिरवट थर जमतो. असा सांधा पुसून वापरू नये; तो कापून नव्याने जोडावा.

७. सुरक्षितता

५ व्होल्टपासून माणसास धक्का बसत नाही, यावरून ही रोषणाई निर्धोक आहे असा समज पसरला आहे. तो अर्धसत्य आहे. धोका दोन ठिकाणी असतो.

पहिला पुरवठायंत्रात. त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू पुष्कळदा उघडे असतात. म्हणून यंत्र बंद पेटीत, जमिनीपासून उंच व मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. त्याच्या धातूच्या कवचास अर्थिंग द्यावे आणि ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीवर तुटणारा आरसीसीबी मंडपाच्या मुख्य जोडणीत बसवावा. कमानीच्या लोखंडी सांगाड्यावर केवळ ५ व्होल्टच्या ताराच चढवाव्यात. २३० व्होल्टची तार खांबाच्या पायथ्यापलीकडे जाऊच देऊ नये. हा एक नियम पाळला तरी सर्वांत भयंकर अपघाताची शक्यता जवळजवळ नाहीशी होते. वीज महावितरणकडून रीतसर तात्पुरती जोडणी घेऊनच वापरावी आणि मुख्य जोडणीचे काम परवानाधारक वीजतंत्रीकडून करवून घ्यावे.

दुसरा धोका आगीचा. ३० ॲम्पिअर देऊ शकणाऱ्या यंत्राला माळेच्या बारीक तारेत झालेला संयोग हा नेहमीचाच भार वाटतो. यंत्र बंद पडत नाही, तार मात्र तापून तिचे आवरण वितळते आणि जवळच कापड व थर्मोकोल असते. यासाठी प्रत्येक १०० मण्यांच्या तारेत, यंत्राच्या अगदी जवळ, मोटारगाडीत असतो तसा ५ ॲम्पिअरचा फ्यूज घालावा. तेज ४० टक्के असताना त्या तारेतून अडीच ॲम्पिअरच्या आतबाहेर प्रवाह जातो. म्हणून नेहमीच्या वापरात फ्यूज जाणार नाही आणि संयोग होताच तो गेल्यावाचून राहणार नाही.

पाणी व उष्णता यांचाही विचार केला पाहिजे. गणेशोत्सव विदर्भात ऐन पावसात येतो. गोळीमाळेचे मणी राळेने बंद केलेले असल्यामुळे पाऊस सोसतात. सांधे सोसत नाहीत. सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवून त्याचे तोंड खाली ठेवावे आणि पेटीत शिरणाऱ्या तारेला पेटीखाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून पेटीत न जाता झोळावरून खाली गळेल. नवरात्रात पाऊस ओसरतो, पण आश्विनाचे ऊन प्रखर असते. पेटीस खालच्या बाजूने वायुवीजन ठेवले नाही तर पुरवठायंत्र तापून त्याचे आयुष्य घटते.

समारोप

वरील विवेचनावरून ध्यानात येईल की, पिक्सेल रोषणाईतील बहुतेक अपयश माळांच्या निकृष्टपणामुळे नव्हे, तर तीन साध्या गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे येते : ऋण तार सामाईक नसणे, दाबाची घट न मोजणे आणि संदेशाची दिशा न पाहणे. पहिल्या प्रयोगासाठी ५० मण्यांची एकच माळ, एक लहान पुरवठायंत्र व एक कंट्रोलर एवढेच साहित्य घ्यावे आणि या लेखातील प्रत्येक दोष त्या माळेवर वीज बंद करून मुद्दाम निर्माण करून त्याचे लक्षण पाहावे. उलटी ध्रुवता व जादा दाब हे दोन प्रयोग मात्र वर्ज्य समजावेत. उत्सवाच्या आदल्या रात्री कमानीखाली उभे राहून शिकण्यापेक्षा हे शिक्षण कितीतरी स्वस्त पडते.

उत्सव संपल्यावर माळा उतरविताना प्रत्येक माळेचा क्रमांक, तिच्या दोन्ही टोकांचे मोजलेले दाब, बदललेले मणी आणि रंगांचा क्रम यांची एका वहीत नोंद करून ठेवावी. कार्यकर्ते बदलतात, माळा बहुधा त्याच राहतात. आणि पुढील वर्षी जो नवा मुलगा त्या उघडील, त्याला ही वही कोणत्याही लेखापेक्षा अधिक उपयोगी पडेल.